साळवीकाकांचे भाडेकरू

"तुम्ही शिकवता काय?" या प्रश्नाची मी सिंगापूरमध्ये इतकी वेगवेगळी उत्तरं दिली की पुढे पुढे कुणाला काय सांगितलं आहे ते मलाच आठवेना. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणी विचारलं तर "अमेरिकन संगीत." टॅम्पिनीसच्या माझ्या फ्लॅटशेजारच्या चिनी आजींना नुसतंच "म्युझिक." साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं होतं, "अमेरिकेतली भजनं." आई खूश झाली. मुलगी परदेशात भजनं शिकवते असं तिने आळीभर सांगितलं आणि एकदा तर मला आवर्जून विचारलं की तिकडच्या पोरांना टाळ धरता येतो का.

आईशी मी पूर्ण खोटं बोलले नव्हते. माझा विषय सुरू झाला तो भजनांपासूनच. पण तो तिथे थांबला नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समलिंगी माणसांची गाणी, त्यांचे नाच आणि त्यांचे रंगमंचावरचे खेळ, हे मी आयुष्यभर शिकले आणि शिकवलं. आता निवृत्त होऊन पुण्याला आले आहे आणि खोटी उत्तरं द्यायचा कंटाळा आला आहे, म्हणून हे सरळ लिहिते.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांना थोडं समजावून सांगते. नव्वदच्या दशकात मी शिकागोला पीएचडीला गेले ती आपल्या ख्यालगायकीवर काम करायला. राहायला शहराच्या दक्षिण भागात होते. एका रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या चर्चमधून गाणं ऐकू आलं आणि मी आत गेले, ती कित्येक रविवार जातच राहिले. हळूहळू लक्षात आलं की तिथे गाणं बसवणारे, ऑर्गनवर बसणारे बरेचसे पुरुष समलिंगी होते. हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी बोलायचं नाही. धर्मगुरू प्रवचनात त्यांनाच पापी म्हणायचा, आणि मग त्यांनीच बसवलेल्या गाण्यावर तो आणि त्याची माणसं डोळे पुसायची. चर्चनं बाहेर काढलेले हेच गायक क्लबात गेले आणि चर्चमधली गाण्याची हाक-साद, एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, ती तिथल्या नाचाच्या संगीतात घेऊन गेले. घरच्यांनी हाकललेली पोरं एकत्र राहू लागली, एखाद्या वडीलधाऱ्याला आई म्हणू लागली. भाड्याच्या हॉलमध्ये त्यांच्या स्पर्धा लागत. चालण्याच्या, वेषाच्या, नाचाच्या. एक जण माइकवर तालात बोलून त्यांना चढवायचा नाहीतर उतरवायचा. आपल्याकडचा तमाशातला नाच्या आणि कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब एका जागी आणले तर थोडीफार कल्पना येईल. थोडीफारच.

मी स्वतः त्यातली आहे का, हा पुढचा प्रश्न. तोंडावर फार कमी लोकांनी विचारला, मनात सगळ्यांनी. नाही. मी कृष्णवर्णीय तर नव्हेच, आणि लग्न केलं नाही याचं कारणही ते नव्हे. मला गाणं ऐकू आलं आणि मी त्याच्या मागे गेले, इतकंच. अमेरिकेतल्या परिषदांमध्ये लोक मला विचारायचे, "यावर तुम्हीच का?" प्रश्न रास्त होता. सिंगापूरला नोकरीला आले तर तिथे विचारू लागले, "याच विषयावर का?" या दोन प्रश्नांच्या मध्ये मी उभी होते आणि तिथे माझ्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. आमच्या विभागाच्या प्रमुख प्रोफेसर लिम म्हणून होत्या, सज्जन आणि सावध. त्यांनी माझ्या अभ्यासक्रमाला "लोकप्रिय संगीत आणि समाज" असं नाव दिलं. त्या नावाखाली काहीही चालून जाईल असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. मुलं हुशार होती, वेळेवर यायची, सगळं टिपून घ्यायची. एकदा मी वर्गात त्या माइकवर बोलणाऱ्या निवेदकाचं रेकॉर्डिंग लावलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. रेकॉर्डिंग संपल्यावर एका मुलानं शांतपणे विचारलं, "प्रोफ, हे एक्झामला येणार का?" नाही म्हटल्यावर सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.

एक मुलगी तेवढी तास संपल्यावर मागे राहिली. मी न सांगताच तिने फळा पुसला, आधीच कोरा झालेला पुन्हा पुसला. मग "थँक यू" म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात तिनं कोर्स बदलला होता. मी कितीतरी दिवस तिच्यासाठी दाराकडे बघत शिकवत होते.

संध्याकाळी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, टॅम्पिनीसला यायचं, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये एकटीनं जेवायचं, घरी हेडफोन लावून शिकागोची जुनी रेकॉर्डिंगं ऐकत टाइप करायचं. आमच्या धंद्यात हे फार असतं. माणसाजवळ बसायचं, त्याला बोलू द्यायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि मग त्याचा शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. खोकला आणि थांबणंसुद्धा. तासाभराच्या बोलण्याला अख्खा दिवस जातो. माझ्या फ्लॅटमध्ये सतत माणसांचे आवाज असत आणि त्यांतला एकही माझ्याशी बोलत नसे.

साळवीकाका मला मंडळात भेटले. साठीच्या आसपासचे, चिपळूणकडचे, जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. पुढे समुद्र सोडून जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात नोकरी धरली आणि सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं. अविवाहित. गणपतीत आरतीला पेटी धरायचे, दुसरं कुठलं काम सांगितलं तरी नाही म्हणायचे नाहीत, आणि जेवण झालं की पहिले निघायचे. त्यांनी मला तोच प्रश्न विचारला आणि मी तेच ठरलेलं उत्तर दिलं.

"अमेरिकन म्हणजे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कृष्णवर्णीयांचं, चर्चमधलं आणि क्लबातलं. त्यांनी द्रोणातली खीर संपवली आणि म्हणाले की शहराच्या उत्तरेला, यिशुनला, त्यांच्याकडे एक भाडेकरू आहेत, मूळचे शिकागोचे, पूर्वी गायचे. वय झालंय, त्यांना त्या काळाबद्दल बोलायला कुणी नाही. मी एखाद्या रविवारी आले तर बरं होईल.

मी त्याच रविवारी गेले.

भाडेकरूंचं नाव अर्ल. सत्तरीचे, उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलताना हात असे हलवायचे की जणू समोर शंभर माणसं बसलीत. त्यांच्या वडिलांचंच चर्च होतं. सोळाव्या वर्षी त्याच चर्चमधून वडिलांनी त्यांना सगळ्यांसमोर बाहेर काढलं. मग ते शहराच्या त्याच भागात एका क्लबात बाईच्या वेषात गायला लागले, "मिस ओपल" या नावानं. तो क्लब बंद पडला तेव्हा एका हॉटेलच्या बँडबरोबर पुरुषाच्या वेषात पूर्वेला आले. मनिला, हाँगकाँग, शेवटी सिंगापूर. बँड परत गेला. अर्ल राहिले.

मी ज्यांच्याबद्दल फक्त वाचलं होतं अशा पिढीतला माणूस एमआरटीच्या अंतरावर राहत होता. मी दर रविवारी जाऊ लागले. ते सांगायचे, मध्येच गायचे. आवाज फाटला होता, पण शब्दावर कुठे वजन द्यायचं ते जिथल्या तिथे होतं. मी विचारलेला प्रश्न त्यांना आवडला नाही तर ते डोळे मिटून घ्यायचे आणि मी पुढचा विचारेपर्यंत उघडायचे नाहीत. साळवीकाका स्वयंपाकघरात असायचे. दुपारी आम्ही तिघं जेवायचो.

तिसऱ्या-चौथ्या रविवारची गोष्ट. काकांनी पापलेटचं कालवण केलं होतं. माझ्याशी जहाजाच्या बॉयलरबद्दल बोलता बोलता त्यांनी आपल्या ताटातल्या माशाचे काटे काढले, बोटांनी पुन्हा चाचपून पाहिलं, आणि तो तुकडा अर्लच्या ताटात ठेवला. बोलणं मध्ये तुटलं नाही. अर्लनीही वर पाहिलं नाही, तुकडा उचलून खाल्ला. मी खाली मान घालून जेवत राहिले.

त्या दिवशी काका मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "तुमच्या लक्षात आलं असेल."

मी हो म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. पस्तिशीत त्यांचं जहाज दुरुस्तीला सिंगापूरच्या यार्डात लागलं होतं. एका संध्याकाळी ते बरोबरीच्या इंजिनिअरांबरोबर हॉटेलात गेले, तिथे अर्ल गात होते. पुढच्या दोन-तीन सफरींनंतर त्यांनी समुद्र सोडला. फ्लॅट काकांच्या नावावर, अर्ल कागदोपत्री भाडेकरू. शेजारपाजारी सगळीकडे तेच सांगितलेलं. अर्ल त्यांना "चीफ" म्हणायचे, त्यामुळे लोकांसमोरही काही वेगळं वाटत नसे. तेव्हा तिथे पुरुषांमधले असे संबंध कायद्यानं गुन्हा होते, आपल्याकडेही होतेच. कुणाला पकडत नाहीत असं लोक म्हणायचे. काका म्हणाले, कायद्याची भीती नंतरची. मंडळात कुणी शेजारी बसायचं थांबेल, चिपळूणला भाऊ फोन घ्यायचा थांबेल, ती आधीची.

"त्यांचं सगळं लिहा तुम्ही," ते म्हणाले. "त्यांना ते हवंय. मला वगळा."

मी कबूल केलं.

कबूल करायला काही लागत नाही. निभावताना कळतं. आमच्यात नावं बदलायची पद्धत आहे. पण यिशुनमध्ये राहणारा कृष्णवर्णीय अमेरिकन गायक आणि त्याचा मराठी घरमालक, यात नाव बदलून काय लपणार? म्हणून मी काकांना पूर्ण काढलं. माझ्या पुस्तकातलं अर्लवरचं प्रकरण लिहून प्रोफेसर लिमना वाचायला दिलं. मला कायम करायचं की नाही हे त्याच वर्षी ठरणार होतं आणि त्यांना मनापासून मला मदत करायची होती. त्यांनी प्रकरण दोनदा वाचलं आणि मला बोलावून म्हणाल्या की पूर्वार्ध असा आहे की असा कुणी लिहिलेला नाही, पण चाळिशीनंतर हा माणूस कुठे जातो? गाणं सुटलं, देश सुटला, तरी तो तीस वर्षं इथे का राहिला? याचं उत्तर नसेल तर प्रकरण अर्धं आहे.

मी म्हटलं, "त्यांना इथली हवा मानवली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना बहुधा अंदाज आला असावा. पण त्या सावध होत्या, त्यांनी पुढे विचारलं नाही. प्रकरण मी मागे घेतलं. कायम नेमणूक झाली नाही. करार वाढत राहिला आणि मला पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायला दिलं. याचं वाईट वाटलं का, तर वाटलं. अजूनही शिकागोच्या कुणाचं नवं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची संदर्भसूची उघडते. तिथे माझं नाव असायचं कारण नाही, तरी उघडते.

रविवार मात्र चालू राहिले. रेकॉर्डर मी न्यायचं सोडलं. नुसती जेवायला जायचे.

काका गेले ते यार्डात, कामावर, सकाळी. हृदयविकाराचा झटका. ऑफिसात जवळचे नातेवाईक म्हणून चिपळूणच्या भावाचं नाव होतं, त्यांनी तिकडे फोन केला. भावानं मंडळाच्या सेक्रेटरींना केला. सेक्रेटरींनी दुपारी मला केला, कारण काकांशी माझी बरी ओळख आहे एवढं त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, घरी एक भाडेकरू असतात म्हणे, त्यांना कुणीतरी कळवायला हवं, तुम्ही फोन कराल का?

मी फोन केला नाही, निघाले. टॅम्पिनीसहून यिशुनला तेव्हा शहरातून वळसा घालून जावं लागायचं. गाडीत शाळा सुटलेली पोरं होती, हसत होती. मी इतकी वर्षं लोकांची बोलणी जमवली, ती कशी मांडायची हे शिकवलं, आणि त्या तासाभरात मला एक वाक्य जुळवता आलं नाही.

अर्लनी दार उघडलं आणि म्हणाले, आज रविवार नाही. मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. ते आत गेले, गॅसवर भात होता तो बंद केला. ओट्याला धरून उभे राहिले. मी पुढे झाले तर त्यांनी हातानं थांबवलं. मग सरळ मोठ्या बेडरूममध्ये गेले आणि कपाटातून स्वतःचे शर्ट काढू लागले.

मला वाटलं, हे कुठे निघालेत. मग समजलं. लोक येणार होते. भाऊ येणार होता. भाडेकरूचे कपडे मालकाच्या कपाटात कसे असतील? मी मदत करू लागले. शर्ट, औषधं, चष्मा, सपाता, सगळं आम्ही लहान खोलीत नेलं. शेवटी ते मोठ्या खोलीच्या दारात उभं राहून भाडेकरूच्या नजरेनं खोली बघत होते, काही राहिलंय का. मला म्हणाले, "तू बघ. तुला बघायची सवय आहे." मी बघितलं. काही राहिलं नव्हतं. मग ते लहान खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

भाऊ चौथ्या दिवशी आले, पासपोर्ट काढलेला होता, व्हिसा मंडळानं खटपट करून मिळवला. वसंतराव, काकांहून लहान, निवृत्त शिक्षक. पहिल्यांदाच विमानात बसलेले, पहिल्यांदाच परदेश पाहिलेला, आणि तो असा. त्यांना इंग्रजी वाचता यायचं पण बोलायला संकोचायचे, म्हणून मी दुभाषी. घरात शिरल्यावर त्यांनी अर्लना नमस्कार केला आणि मला विचारलं, "हे कोण?"

अर्लना प्रश्न कळला. "सांग, टेनंट."

"भाडेकरू," मी सांगितलं.

"किती वर्षं आहेत?"

अर्ल म्हणाले, पुष्कळ. मालक चांगला होता. मी तेही सांगितलं. वसंतरावांनी मान डोलावली आणि दादाची खोली कुठली ते विचारलं.

अंत्यसंस्काराला वसंतराव पुढे होते. अर्ल यार्डातल्या कामगारांबरोबर मागच्या रांगेत बसले. नंतरच्या शनिवारी मंडळानं शोकसभा घेतली. अर्ल तिथेही आले, माझ्या शेजारी बसले. लोक मनापासून बोलले. काकांनी कुणाच्या सामानाची ने-आण केली होती, कुणाच्या मुलाला गणित शिकवलं होतं, कुणाच्या आईला दवाखान्यात नेलं होतं. अर्ल मध्ये मध्ये माझ्याकडे झुकायचे आणि मी हळू आवाजात इंग्रजीत सांगायचे. शेवटी सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला. ते म्हणाले, सगळ्यांचं केलं या माणसानं, पण स्वतः जन्मभर एकटा राहिला. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

समोर दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. अर्लनी विचारलं, काय म्हणाले?

मी आयुष्यभर शब्द बदलायचा नाही हे पाळलं होतं. त्या क्षणी बदलावा असं वाटलं. पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांनी माझा चेहरा वाचला असता. मी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही नीट निभावलं."

फ्लॅट विकावा लागणार होता. वसंतरावांनी माझ्याकरवी अर्लना सांगितलं की घाई करू नका, तुमची सोय होईपर्यंत राहा. अर्ल दोन-तीन महिने राहिले आणि मग शिकागोला एका भाचीकडे गेले, जिला त्यांनी लहानपणी एकदाच पाहिलं होतं.

त्याआधी वसंतरावांना सोडायला आम्ही दोघं चांगी विमानतळावर गेलो होतो. अस्थींचा कलश वसंतरावांच्या हातात होता. रांगेत त्यांना पासपोर्ट सापडेना. त्यांनी कलश अर्लच्या हातात दिला आणि खिसे, पिशवी, पुन्हा खिसे शोधू लागले. बराच वेळ शोधत होते. अर्ल कलश छातीशी धरून उभे होते, डोळे मिटून. रांग पुढे सरकली तेव्हा वसंतरावांना पासपोर्ट सापडला.

त्यानंतरची माझी सिंगापूरची वर्षं फारशी सांगण्यासारखी नाहीत. निबंध तपासले, जेवायला हॉकर सेंटरमध्ये गेले. रविवारी काय करायचं हे मला बरेच दिवस समजत नसे. एकदा सवयीनं यिशुनला उतरले आणि स्टेशनवरूनच परत फिरले. अर्लचे फोन यायचे. शिकागोत त्यांना थंडी सोसत नव्हती आणि ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या फोनमध्ये म्हणाले, "मी गेल्यावर तुला हवं ते लिही. पण आधी चीफच्या माणसांना विचार." भाचीनं ते गेल्याचं कळवलं ते आठवड्यानंतर.

निवृत्त होऊन पुण्याला आल्यावर मी चिपळूणला गेले. ज्याचं लिहायचं त्याला विचारायचं, आणि तो नसेल तर त्याच्या माणसांना, हा आमच्या धंद्यातला एकच नियम मी न चुकता पाळला आहे. पण हे विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं, आणि सांगायचं नाही असं मी काकांना कबूल केलेलं. एसटीत बसून शेवटी ठरवलं की नुसतं भेटून यायचं.

वसंतराव ओसरीवर बसले होते, खूप थकलेले. वहिनींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनीच विचारलं, "ते गाणारे गृहस्थ कसे आहेत?"

ते गायचे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं की ते वारले.

त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "दर रविवारी रात्री दादाचा फोन यायचा. मागे कुणीतरी गुणगुणत असायचं. मी समजायचो रेडिओ आहे. मग तिकडे आलो तेव्हा आठवडाभर दादाच्या खोलीत झोपलो. त्या गादीला दोन खळगे होते, ताई. दोन माणसं वर्षानुवर्षं झोपली की पडतात तसे. मी एकात झोपलो, आणि रात्रभर दुसऱ्याकडे बघत होतो."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तेव्हा मी काही म्हटलं नाही," ते म्हणाले. "ते म्हणाले भाडेकरू, तुम्ही म्हणालात भाडेकरू. म्हटलं, त्यांना तसंच ठेवायचं असेल. दादानंही कधी सांगितलं नाही. मी ऐकलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तरुणपणी नसतं ऐकलं."

मग मी कशासाठी आले होते ते सांगितलं. त्यांनी फार विचार केला नाही. म्हणाले, लिहा, नावं तेवढी बदला. आडनाव साळवी घाला, आमच्या भागात ढिगानं आहेत, कुणाला पत्ता लागणार नाही. पण आधी मला सांगा.

आणि ते विचारू लागले. त्यांचे प्रश्न मी कुठल्याच परिषदेत ऐकलेले नव्हते. घरात स्वयंपाक कोण करायचं? दादा मासे कुठून आणायचा? त्या गृहस्थांना आपलं तिखट चालायचं का? दोघं भांडायचे का, भांडले तर कुठल्या भाषेत? दादा आजारी पडला तेव्हा जवळ कोण होतं? मी मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. काटे काढून ठेवलेल्या पापलेटचंही सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल मला कुणी इतकं विचारत होतं, आणि मी इतकं बोलत होते की घसा बसला. वहिनी केव्हा तरी ओले हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

वसंतराव त्यांच्याकडे वळले. "ऐकलंस का गं," ते म्हणाले, "दादाला तिकडे जेवायला सोबत होती."

वहिनींनी मान हलवली. मग मला विचारलं, भात लावते आहे, जेवूनच जाल ना? मी हो म्हटलं.